डोंबिवलीची हवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथे मी पोरांची तब्येत, नवऱ्याची नोकरी असलं काहीतरी मागते आणि पटकन उठते. पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, उद्या मला जिन्यात भेटणार नाही, म्हणून कदाचित तुम्हाला लिहिताना तोंड उघडेल. मध्येच मी इकडचं तिकडचं बोलायला लागले तर ओळखा, की मला अजून सांगायचं नाहीये.

तर — आम्ही कराडचे. महेशला, माझ्या नवऱ्याला, डोंबिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली तेव्हा आमचा ओम सहा वर्षांचा होता आणि रेवा अडीच. दोन लहान पोरं घेऊन गाव सोडायचं तर राहायचं कुठे, डोंबिवलीत की ठाण्यात, या चर्चेत आमचा तो सगळा उन्हाळा गेला. ज्याला त्याला मत होतं. माझा भाऊ म्हणायचा, ठाणंच बघा, शाळा चांगल्या, दवाखाने चांगले, तलावावर पोरांना फिरायला नेता येईल. महेशचा एक मित्र म्हणे, डोंबिवली म्हणजे आपली माणसं, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं पायी जायच्या अंतरावर. मधल्या दिवा स्टेशनला भाडं कमी पडेल असंही कुणी सुचवलं, पण तिथले पाण्याचे हाल आम्हाला कराडात बसूनही ऐकून ठाऊक होते.

तसं बघायला गेलं तर यात ठरवायचं होतं काय? नोकरी डोंबिवलीत होती. आणि डोंबिवलीत छाया होती.

छाया माझी मैत्रीण. साताऱ्याला डी.एड. करताना हॉस्टेलवर दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. एका ताटात जेवायचो — हे मी नंतर कितीतरी लोकांना सांगितलंय. 'आम्ही एका ताटात जेवायचो हो.' आता ते वाक्य आठवलं तरी तोंड कडू होतं. दोन मुली एका ताटात जेवतात, यात सांगण्यासारखं काय असतं? पण मी सांगायचे. कारण छाया बौद्ध आणि मी पाटलांच्या घरातली, आणि आपण कसे वेगळे, कसे सुधारलेले, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात यावं म्हणून सांगायचे. छायाने हे कधी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. घरून माणूस यायला चार दिवस लागले. तेवढे दिवस छायाने माझ्या ओकारीची बादली नेऊन ओतली, माझे कपडे धुतले, मला पेज भरवली. परत कधी त्याचा उच्चार केला नाही.

लग्न होऊन ती डोंबिवलीला लागूनच, ठाकुर्लीला आली. सासरचे मूळ महाडकडचे, सासऱ्यांनी स्टेशनपासून दहा मिनिटांवर घर घेतलेलं. ती तिथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवायची. महेशच्या नोकरीचं कळल्याबरोबर तिने पदर खोचला. तिच्या दारासमोरचं घर रिकामं होत होतं, मालक दुसऱ्या भाडेकरूला द्यायला निघालेला, त्याला तिने दोन महिने थोपवून धरलं. ओमच्या शाळेच्या फॉर्मसाठी सकाळी सहापासून रांगेत उभी राहिली. एवढंच नाही — जवळच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघणार होती, तिथल्या मोठ्या बाईंशी माझ्यासाठी बोलून ठेवलं. रेवा झाल्यापासून माझी नोकरी सुटलेली होती. मी विचारलं, रेवाला कोण सांभाळणार? तर म्हणाली, "आमच्या आई आहेत की. त्यांना पोरांचा भारी लळा. निखिलला त्यांनीच वाढवलाय."

निखिल तिचा मुलगा, ओमच्याच वयाचा.

इतकं कोण कुणासाठी करतं? मी केलं असतं का? नसतं केलं. हे मी आज म्हणत नाहीये, तेव्हाही मला माहीत होतं.

मे महिन्यात मी दोन्ही पोरांना घेऊन घर बघायला तिच्याकडे दोन दिवस राहून आले. महेशला जुन्या नोकरीतून रजा मिळाली नाही. त्या दोन दिवसांचं नंतर सांगते. सांगेन, नक्की.

परत आलो आणि रेवाला सर्दी झाली. प्रवास, ऊन, गार पाणी — व्हायचीच. खोकला लागला म्हणून मी तिला आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी नळी लावून छाती तपासली, घसा बघितला आणि म्हणाले, साधी सर्दी आहे, पाच दिवसांत उतरेल. एक लाल औषध लिहून दिलं. बस. त्याउपर एक शब्द नाही.

मी औषध घेतलं, रेवाला कडेवर घेतलं आणि घरी चालत निघाले. वीस मिनिटांचा रस्ता. घराच्या फाटकाशी येईपर्यंत माझं सगळं रचून झालं होतं. संध्याकाळी जेवताना मी महेशला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हिची छाती नाजूक आहे. बाळदम्याकडे झुकतेय. कारखान्यांच्या हवेत ठेवलीत तर जड जाईल, म्हणाले."

ते शेवटचं 'म्हणाले' मी किती सहज लावलं. वर डोळ्यांत पाणी आणलं — आणलं म्हणजे आणलंच.

महेशचा घास हातातच राहिला. शेजारी रेवा पोळीचे तुकडे करत बसली होती, तिच्याकडे त्याने बघितलं. मग म्हणाला, "डोंबिवली नको मग. ठाण्यात बघू."

"आणि तुझी नोकरी?"

"मी जाईन-येईन. मी काय लहान आहे?"

असं आमचं ठाणं ठरलं. वर्तकनगरला, एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, मुलीच्या तब्येतीसाठी ठाणं निवडलं. लोक कौतुकाने माना हलवायचे. पोरांसाठी आईबाप काय काय करतात.

आता तुम्ही विचाराल, का? मीही हे स्वतःला खूप वेळा विचारलंय आणि दर वेळी एकेक बरंसं उत्तर काढून दाखवलंय. एक उत्तर असं — मैत्रिणीच्या दारासमोर राहिलं की मैत्री बिघडते. दुसरं असं, की ठाण्याच्या शाळा खरोखरच चांगल्या होत्या. तिसरं उत्तर माझ्या सासूबाईंचं. ते सगळ्यात सोयीचं, कारण जुन्या वळणाच्या बाईवर ढकललं की ऐकणाऱ्याला लगेच पटतं. पण सासूबाई काय म्हणाल्या होत्या, ऐका. त्या म्हणाल्या होत्या, "छायाशेजारीच राहा. परमुलखात हाकेला माणूस पाहिजे." माझ्या लग्नात छाया चार दिवस आमच्या घरात राबलेली त्यांनी पाहिली होती. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. महेशचंही नव्हतं. म्हणणं फक्त माझं होतं, आणि तेही मी कधी शब्दांत म्हटलं नाही.

आता सांगते ती दुपार.

आम्ही दोघी समोरचं घर बघायला गेलो होतो. मालक खिडक्या उघडून दाखवत होता, वारा चांगला येतो म्हणत होता. येतही होता. ओम आणि निखिल गॅलरीत होते. रेवाला छायाच्या सासूबाईंपाशी ठेवलेलं. अर्ध्या तासाने परत आलो. त्या भिंतीला टेकून खाली बसलेल्या, मांडीवर रेवा. पुढ्यात छोटी स्टीलची ताटली. त्यात मऊ भात, वरण, बाजूला बटाट्याच्या काचऱ्या. त्या बोटांनी भात कालवून घास करत होत्या आणि म्हणत होत्या, "घे गो बाय, एक घास काऊचा." आणि घरी एकेका घासासाठी मला खोलीभर पळवणारी माझी पोर आ करून बसलेली. घास गिळला की त्यांचा हात धरून पुढच्या घासासाठी ओढायची. त्यांच्या बोटाला लागलेलं शीत तिने चोखून घेतलं. आणि त्यांना 'आजी' म्हणाली. कुणी शिकवलं नव्हतं, आपणहून म्हणाली.

मला किळस आली.

लिहिलं बघा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

कशाची आली? त्यांची नखं कापलेली होती. ताटली लख्ख होती. ते घर माझ्या कराडच्या घराहून स्वच्छ होतं, लादीवर पाय ठेवला तर पायालाच लाज वाटावी. मासळीचा तुकडा नव्हता त्या ताटलीत — आणि असता तरी काय, आमच्याकडे काय मासळी होत नाही? मी तिथेच दोन दिवस तोच वरणभात खात होते. छायाच्या हातचा, हसत हसत, दुसऱ्यांदा मागून घेत. मग मला स्वतःला चाललेलं माझ्या मुलीच्या तोंडात जाताना का चाललं नाही? मी पाहुणी होते म्हणून? दोन दिवसांत निघून जाणार होते म्हणून? आणि रेवा त्या मांडीवर वाढणार होती म्हणून? हो. तेच. ती किळस कसली आहे हे मी त्याच क्षणी ओळखलं. ओळखलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. माझ्या माहेरी परड्यात एक कप उपडा घातलेला असायचा, वेगळा. तो कुणासाठी आहे हे मी लहानपणी विचारलं होतं आणि मला उत्तरही मिळालं होतं. पण त्यानंतर मला छाया मिळाली होती. शहाणं व्हायला मला भरपूर वेळ मिळाला होता.

मी म्हटलं, "चल रेवा, तोंड धुऊ या." तिला उचललं आणि न्हाणीघरात नेलं. आधी पाण्याने धुतलं. मग साबण घेतला. ओठांना लावला, हनुवटीला, गालाला, हातांना. धुतलं. परत साबण घेतला. पाण्याचं बोट तिच्या तोंडात घालून आतून फिरवलं. तिच्या तोंडात फेस गेला, ती रडायला लागली. दाराशी ओम उभा होता. म्हणाला, "आई, भात खाल्ल्यावर साबण कशाला लावतेस?"

आणि त्याच्यामागे छाया उभी होती, हातात टॉवेल घेऊन.

ती किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. तिने टॉवेल पुढे केला. म्हणाली, "उकाडा कसला आहे ना. पोरं चिकचिकीत होतात नुसती." माझ्यासाठी कारणसुद्धा तिनेच शोधून दिलं. तिला कळलं होतं का? मला माहीत नाही. पंधरा वर्षांत मी विचारलं नाही, म्हणजे मला ते माहीत करूनच घ्यायचं नाही.

कराडला परतताना सगळ्या वाटेवर माझ्या डोळ्यांपुढे एकच — रोज. रोज दोन वेळा. रेवा त्या मांडीवर, तो हात, तो घास. मग बाकीचंही आलं. बिल्डिंगच्या गेटवर निळा झेंडा होता. माहेरची माणसं येतील, बघतील. पत्रिकांवर, शाळेच्या दाखल्यावर तो पत्ता लागेल आणि पत्ता वाचून लोक काय ते समजतील. असा विचार करत बसले होते मी, मांडीवर झोपलेल्या पोरीला थोपटत. दोन दिवसांनी तिला सर्दी झाली आणि मला हवं ते सापडलं.

छायाला मी फोनवर सांगितलं. तेच, छातीचं. मालकाला दोन महिने थांबवल्याचं, रांगेत उभं राहिल्याचं, मोठ्या बाईंना दिलेल्या शब्दाचं — कशाचंही नाव तिने काढलं नाही. म्हणाली, "अगं, पोरीच्या जिवापुढे घर काय? बरं झालं वेळेत कळलं. मी येत जाईन ठाण्याला."

आणि ती आली. आम्ही वर्तकनगरला सामान लावतच होतो, तर ही दारात, हातात खोका. औषधाची वाफ घ्यायचं यंत्र होतं त्यात. ते कसं लावायचं हे दुकानदाराकडून नीट समजून घेऊन आलेली, मला दाखवत बसली. तिच्या सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी दिली होती — तव्यावर गरम करून पोरीच्या छातीला शेक द्या म्हणून. छाया जिना उतरून जाईपर्यंत ती पुरचुंडी मी हातात धरून उभी होते. मग कचऱ्याच्या डब्यात टाकली. वर भाजीची देठं टाकली, महेशला दिसू नये म्हणून.

पुढच्या वर्षी निखिलला खोकला झाला. छायाचा घाबऱ्याघाबऱ्या फोन. "आम्ही तर इथेच राहतो गं. याला काही होईल का?" तिने त्याच्या छातीचा फोटो काढून आणला होता. रिपोर्ट साफ होता, तरी तिची भीती जाईना. खिडक्या बंद ठेवायला लागली. सासऱ्यांनी हौसेने घेतलेल्या घराची, जिथे तिचं सगळं चांगलं चाललं होतं त्या जागेची तिला धास्ती बसली. माझ्यामुळे. तेव्हा मी तिला काय सांगितलं असेल? खरं? मी म्हटलं, "रुमाल बांधत जा त्याच्या तोंडाला बाहेर पडताना." शांतपणे, जाणत्या बाईसारखा सल्ला दिला मी.

महेश मोटरसायकलवरून जायचा. ठाण्याहून निघून बायपासने शीळफाट्यापर्यंत आणि तिथून डोंबिवली. तिथल्या ट्रॅफिकमध्ये कधी दीड तास, कधी दोन. ज्या हवेपासून मुलीला वाचवायचं त्याच हवेत दिवसभर काम करून यायचा, अंगाला त्या कारखान्याचा वास. एका पावसाळ्यात खड्ड्यात गाडी घसरली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून घरी बसला होता. मी म्हटलं, फार त्रास होतो ना तुला या जाण्यायेण्याचा? तर हसून म्हणाला, "रेवाच्या छातीपुढे माझं हाड काय!" मी त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली.

मी शाळेत परत शिकवायला गेले नाही. आजारी पोरीची आई घर सोडून कशी जाणार? खोट्याचं हे असं असतं — एकदा घरात आणलं की त्याला जेवू घालावं लागतं. रेवाला आइस्क्रीम बंद. धुळीत खेळणं बंद. सोसायटीतली पोरं खाली पकडापकडी खेळायची आणि ही पायरीवर बसून कोण बाद झालं ते सांगायची. शाळेत दर वर्षी जूनमध्ये मी चिठ्ठी द्यायचे, हिला पीटीतून वगळावं. ठाण्याच्या डॉक्टरांना मी तिची सगळी हकीकत सांगितली, म्हणजे रचलेली हकीकत, आणि त्या भल्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून दम्याचा पंप लिहून दिला, लागलाच तर असावा म्हणून. तो पंप तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असायचा. वाढदिवसाला नव्या दप्तराबरोबर तो नव्या कप्प्यात जायचा.

सातवीत असताना शाळेचे खेळाचे सर घरी आले. म्हणाले, "ताई, पोरगी मधल्या सुट्टीत पळताना बघितली मी. खो-खोसाठी असे पाय शोधून मिळत नाहीत." मी नाही म्हटलं. दम्याचं कारण ऐकल्यावर त्यांनीच माफी मागितली. रेवा आतल्या खोलीतून ऐकत होती. चारेक दिवसांनी ती शाळा सुटल्यावर कुणाला न सांगता मैदानावर पळाली. घरी आली ती पांढरीफटक, घामाने भिजलेली, डोळे विस्फारलेले. म्हणाली, "आई, मला धाप लागलीय. मी मरणार का?"

पळाल्यावर धाप सगळ्यांनाच लागते, हे त्या पोरीला माहीत नव्हतं. बारा वर्षांची झाली होती. कसं माहीत असणार? ती कधी धाप लागेपर्यंत पळलीच नव्हती.

तेव्हा सांगता आलं असतं. तिथे, त्या मिनिटाला, तिला जवळ घेऊन. मी काय केलं? पंप काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "सांगितलं होतं ना तुला?"

छायाच्या सासूबाई फोनवर असल्या की दर वेळी विचारायच्या, "आमची बाय कशी हाय? धाप कमी झाली?" चार वर्षांपूर्वी त्या वारल्या. छायाचा निरोप आला. महेश म्हणाला, आपण जाऊन येऊ. मी रेवाकडे बोट दाखवलं, हिला सकाळपासून बरं वाटत नाहीये म्हटलं, आणि त्याला एकट्याला पाठवलं. मला त्या भिंतीसमोर बसायचं नव्हतं. रेवा चांगली ठणठणीत होती, अभ्यास करत होती. मी म्हटल्यावर तिला खरंच बरं वाटेनासं झालं. तिची तेवढी तयारी मी करून घेतली होती.

यंदा बारावीनंतर कॉलेजसाठी तब्येतीचा दाखला हवा होता. दम्याचा इतिहास म्हटल्यावर त्यांनी छातीच्या डॉक्टरांचं पत्र मागितलं. तिथे रेवाला एका यंत्रात जोराने फुंकायला लावलं, दोनदा, तीनदा. डॉक्टरीण बाईंनी कागद बघितला आणि सरळ म्हणाल्या, "हिला दमा नाही. आणि मला विचाराल तर कधी नव्हताही." मी मान हलवली. रिक्षात रेवा बाहेर बघत म्हणाली, "मग मला आहे असं पहिल्यांदा कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कराडच्या डॉक्टरांनी. वय झालं होतं त्यांचं. चुकले असतील."

ते गृहस्थ तेव्हा हयात नव्हते. मेलेल्या माणसावर ढकललं मी ते. ज्याने खरं सांगितलं होतं त्याच्यावर.

घरी आल्यावर रेवाने चप्पल बदलून बूट घातले आणि खाली गेली. सोसायटीच्या आवाराला ती फेऱ्या मारत होती, पळत. वेडंवाकडं, हात कसेही हलवत, कारण तिला पळायची सवय राहिली नव्हती. दमली की कमरेवर हात ठेवून थांबायची आणि एकटीच हसायची. महेश गॅलरीत उभा होता. "सुटली पोरगी," म्हणाला. छायाला त्यानेच फोन लावला. ती फोनवर रडली. पेढे ठेवते म्हणाली.

इथे थांबता आलं असतं. मी बदलले, मला कळून चुकलं, असं काहीतरी लिहून. तुम्हालाही बरं वाटलं असतं.

रेवाला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. कॉलेज कल्याणच्या पलीकडे, सकाळी सातला हजेरी. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "सोमवार ते शुक्रवार मी छायामावशीकडे राहते. तिने खोली रिकामी करून ठेवलीय. निखिल तर पुण्यालाच असतो आता." महेश म्हणाला, उत्तम. आणि मला पहिलं काय वाटलं, सांगू? तेच. इतकं सगळं झाल्यावर, एवढी वर्षं गेल्यावर, ती पोरगी मोठी होऊन स्वतःच्या हाताने जेवायला लागल्यावर — तेच. आणि तोंडातून शब्द कुठले आले असतील? मी म्हटलं, "बघू. तिकडची हवा —"

रेवा हसायला लागली. "आई, मला दमा नाहीये." महेशही हसला. जुनी सवय जाईना हिची, म्हणाला. दोघांपैकी कुणाला शंकासुद्धा आली नाही. मीही हसले.

तिने माझ्या 'बघू'ची वाट बघितली नाही. छायाशी परस्पर ठरवलं, बॅग भरली आणि सोमवारी गेली. दुपारी छायाचा फोन आला, "पोचली गं. जेवली व्यवस्थित. काळजी करू नकोस." मी म्हटलं, "नाही करत."

छायाला मी सांगितलेलं नाही. महेशला नाही. रेवाला नाही. सांगून त्यांना कशाला दुखवायचं, असं मी स्वतःशी म्हणते, पण ते खरं नाही. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नाहीये. जी नजर मला मिळाली ती मी फसवून मिळवलेली आहे, हे कळूनही नाही. रेवा दर शनिवारी घरी येते आणि तिकडचं भरभरून सांगते, मावशीने काय केलं, काय खायला घातलं. मी ऐकते. ऐकताना चेहरा नीट ठेवावा लागतो. अजून ठेवावा लागतो.